ओट्याचा दगड आणि कारागिराची छाती

तुमच्या स्वयंपाकघरातला ओटा कशाचा आहे? जागेवरून उठून एकदा हात फिरवून या. गार, गुळगुळीत, हळदीचा डाग न धरणारा, वर चंदेरी ठिपके किंवा संगमरवरासारख्या करड्या रेषा असलेला दगड असेल, आणि घर गेल्या पंधरा-वीस वर्षांत बांधलेलं किंवा नूतनीकरण केलेलं असेल, तर तो 'क्वार्ट्झ' असण्याची शक्यता बरीच आहे. आमच्याकडेही तोच आहे. निवड करताना आम्ही दोघांनी तीन शोरूम पालथी घातली. रंग, किंमत, हमी किती वर्षांची, गरम कढई थेट ठेवली तर चालेल का, सगळं विचारलं. हा दगड कापतो कोण आणि कापताना काय होतं, हे मात्र विचारायचं सुचलं नाही.

ते कळलं ओटा बसवायच्या दिवशी. सिंकसाठी पाडलेलं भोक अर्ध्या इंचाने लहान निघालं. दोन मुलं आली होती, पंचविशी-तिशीतली. त्यांनी तो जड तुकडा उचलून गाडी लावायच्या जागेत नेला आणि हातातल्या ग्राइंडरने कडा कापायला सुरुवात केली. पाणी नाही, धूळ ओढून घेणारं यंत्र नाही. एकाने टी-शर्टची कॉलर नाकावर ओढून घेतली होती, दुसऱ्याने तेही नाही. दहा मिनिटांत त्यांच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. मी खिडक्या लावून घेतल्या आणि नंतर त्यांना थंड पाणी नेऊन दिलं. खिडक्या लावताना मी माझ्या घरात धूळ येऊ नये एवढाच विचार केला होता, हे आठवलं की आजही ओशाळायला होतं.

त्या पांढऱ्या धुळीत काय होतं आणि ती छातीत गेल्यावर काय करते, हे या लेखात पाहू. घरातला बसवलेला ओटा तुम्हाला काहीही अपाय करत नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यावर पोळ्या लाटा, भाजी चिरा, रोज पुसा. अपाय होतो तो कापणाऱ्याला, घासणाऱ्याला, पॉलिश करणाऱ्याला.

दगडागणिक धूळ वेगळी

'दगडाची धूळ' असं आपण सरसकट म्हणतो, पण सगळे दगड सारखे नसतात. कळीचा शब्द आहे सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचं संयुग. त्याचं सर्वांत सामान्य स्फटिकरूप म्हणजे क्वार्ट्झ, आपल्या भाषेत गारगोटी. लहानपणी अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून ठिणगी पाडली असेल, तर क्वार्ट्झशी तुमची जुनी ओळख आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, रासायनिक विश्लेषणात जवळजवळ निम्मा सिलिकाच दाखवतो. पण ती सिलिका कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांच्याबरोबर इतर खनिजांत बांधलेली असते. मोकळी, स्फटिकरूप सिलिका त्यात फारच कमी. फुफ्फुसाला भोवते ती ही मोकळी सिलिका. म्हणून दगड तपासताना 'सिलिका किती' यापेक्षा 'मोकळी स्फटिकी सिलिका किती' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

या हिशेबाने संगमरवर बराच निरुपद्रवी. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच्याच जातीचा, आणि त्यात मोकळी सिलिका सहसा पाच टक्क्यांच्या आत. ग्रॅनाइटमध्ये ती साधारण पाव ते चाळीस-पंचेचाळीस टक्के. वालुकाश्मात सत्तर ते नव्वद टक्क्यांपर्यंत. आणि आपल्या ओट्याचा तो 'क्वार्ट्झ'? त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक.

कारण हा खाणीतून निघालेला दगड नाहीच. गारगोटीचा चुरा, थोडं पॉलिस्टर रेझीन आणि रंगद्रव्य एकत्र करून, हवा काढून घेत, दाब आणि कंपन देऊन त्याची लादी बनवतात. मग ती भट्टीत पक्की करतात. कृत्रिम दगड म्हणा हवं तर. ग्रॅनाइटला अधूनमधून सीलर लावावा लागतो, याला लागत नाही. रंग हवा तसा मिळतो. लोकांना तो आवडला यात नवल नाही. पण ग्रॅनाइटसाठी तयार झालेल्या कारखान्यांत, तीच हत्यारं आणि त्याच सवयी घेऊन, दुपटीहून जास्त सिलिका असलेला माल कापायला सुरुवात झाली. गडबड तिथे झाली.

न दिसणारी धूळ

त्या दिवशी मला दिसलेला पांढरा ढग खरं तर त्यातला कमी धोक्याचा भाग होता. डोळ्यांना दिसणारे कण मोठे असतात. ते नाकातल्या केसांत, घशातल्या चिकट स्रावात अडकतात, आणि आपण ते शिंकून, खाकरून बाहेर टाकतो. फुफ्फुसाच्या तळाशी, तीस ते पन्नास कोटी इवल्या वायुकोशांपर्यंत पोचतात ते साधारण चार-पाच मायक्रॉनहून लहान कण. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या.

हे कण खाली बसायला किती वेळ लागतो याचं गणित करून पाहिलं. पूर्ण स्थिर हवेत, दीड मीटर उंचीवरून, म्हणजे माणसाच्या नाकाच्या पातळीवरून, दोन मायक्रॉनचा क्वार्ट्झचा कण जमिनीवर यायला सव्वा तासाहून जास्त वेळ घेतो. एक मायक्रॉनचा कण पाच तासांहून जास्त. आणि कारखान्यातली हवा कधीच स्थिर नसते. म्हणजे ग्राइंडर बंद करून, हातपाय झटकून, कारागीर कोपऱ्यात डबा खायला बसतो तेव्हा हवा स्वच्छ दिसते, पण तशी नसते. संध्याकाळी झाडू मारला की खाली बसलेली धूळ पुन्हा वर येते. कपड्यांवर बसून ती घरीही जाते.

किती धूळ चालते? अमेरिकेत २०१६ साली ठरलेली मर्यादा आहे एका घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम, आठ तासांच्या सरासरीने. अंगमेहनतीचं काम करणारा माणूस आठ तासांत साधारण दहा घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे दिवसभरात अर्धा मिलिग्रॅम सिलिका. मिठाचा एक बारीक दाणा सुमारे ०.०६ मिलिग्रॅमचा असतो. तेव्हा कायद्याने चालवून घेतलेली दिवसभराची मर्यादा मिठाच्या आठ-नऊ दाण्यांएवढी झाली. चिमूटभरसुद्धा नाही. सिंकचं भोक कोरताना जो ढग उठतो, त्याच्यापुढे हे प्रमाण किती किरकोळ आहे, ते सांगायला नको.

छातीत काय होतं

वायुकोशात शिरलेल्या परक्या वस्तूंचा फडशा पाडण्यासाठी तिथे भक्षक पेशी पहाऱ्यावर असतात. जिवाणू आला, गिळला, पचवला, असं त्यांचं काम चालतं. सिलिकाचा कण आला की तोही त्या गिळतात. पण तो पचत नाही. उलट त्याचा पृष्ठभाग, विशेषतः नुकताच फुटलेला ताजा पृष्ठभाग, पेशीच्या आतली पाचक रसाची पिशवीच फोडतो. ते रस पेशीत सांडतात, पेशी धोक्याचे रासायनिक संदेश सोडत मरते, आणि गिळलेला कण पुन्हा मोकळा होतो. मग दुसरी पेशी येते, तोच कण गिळते, तीही मरते.

हे चक्र थांबत नाही. सततच्या दाहामुळे शरीर तिथे डागडुजी सुरू करतं आणि कोलॅजेनचे धागे विणतं. जखमेवर व्रण धरतो तसंच हे, फक्त व्रण छातीच्या आत. कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या थरांच्या बारीक कठीण गाठी तयार होतात, काहींच्या बाबतीत त्या एकत्र होऊन मोठे गोळे बनतात. स्पंजासारखं फुफ्फुस हळूहळू ताठर होतं. या रोगाचं नाव सिलिकोसिस.

त्याचे तीन प्रकार सांगतात. बेताच्या धुळीत दहा वर्षांहून जास्त काळ काम केल्यावर दिसणारा जुनाट प्रकार, जास्त धुळीत पाच ते दहा वर्षांत दिसणारा जलद प्रकार, आणि फारच दाट धुळीत काही आठवड्यांपासून काही वर्षांत उद्भवणारा तीव्र प्रकार. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. मग जिना चढताना धाप लागते, कोरडा खोकला येतो, वजन उतरतं. काम सोडलं तरी आत अडकलेले कण तिथेच राहतात, त्यामुळे रोग पुढे सरकू शकतो. तो बरा करणारं औषध अजून नाही. शेवटच्या टप्प्यात फुफ्फुस बदलणं एवढाच मार्ग उरतो.

शिवाय सिलिकोसिस एकटा येत नाही. ज्या भक्षक पेशी क्षयाच्या जंतूंना आवरतात त्याच इथे मरत असल्यामुळे या रुग्णांना क्षयरोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. स्फटिकी सिलिकेला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. मूत्रपिंडाचे विकार आणि संधिवातासारखे स्वप्रतिकार विकारही या कामगारांत जास्त आढळतात.

जुना रोग, नवा माल

यातलं काहीही नवीन नाही, आणि खरी खंत हीच आहे. १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या खाणकामावरच्या आपल्या ग्रंथात अग्रिकोला याने खाणीतल्या धुळीने फुफ्फुसं कुरतडली जातात हे नोंदवलं आहे. कार्पेथियन पर्वतातल्या खाणींजवळ अशा बायका आढळतात, ज्यांनी एकामागून एक सात नवरे केले आणि सातही गमावले, असंही तो सांगतो. व्यवसायजन्य रोगांच्या शास्त्राचा जनक मानला जाणारा इटालियन वैद्य रामाझिनी याने १७०० साली पाथरवटांच्या छातीच्या विकारांवर लिहिलं.

अमेरिकेत १९३०-३१ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या हॉक्स नेस्ट इथे डोंगरातून बोगदा खणला गेला. दगड जवळजवळ शुद्ध सिलिकेचा. कामगार बहुसंख्येने दक्षिणेकडून आलेले कृष्णवर्णीय मजूर. कोरडं ड्रिलिंग, मास्क नाहीत. पुढे एका साथरोगतज्ज्ञाने केलेल्या अभ्यासात मृतांची संख्या किमान ७६४ असावी असा अंदाज निघाला. त्या दशकात अमेरिकेच्या कामगार मंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांनी 'सिलिकोसिस थांबवा' अशी मोहीमच उघडली. व्हरमाँटमधल्या ग्रॅनाइटच्या कारखान्यांत धूळ ओढणारी यंत्रणा बसली आणि तिथला रोग ओसरला. उपाय सापडला होता, आणि तो चालतो हेही सिद्ध झालं होतं.

मग कृत्रिम क्वार्ट्झ आला. २०१२ साली इस्रायलमधल्या डॉक्टरांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. फुफ्फुस प्रत्यारोपणाच्या तपासणीसाठी त्यांच्याकडे आलेल्या रुग्णांत सिलिकोसिसचे २५ जण होते, आणि ते सगळे कृत्रिम दगडाचे ओटे कापणारे होते. स्पेनमधल्या कादिझ प्रांतात २००९ ते २०१२ या काळात ४६ पुरुषांना हा रोग निघाला, त्यांचं मध्यक वय होतं ३३. अमेरिकेतला या उद्योगातला पहिला नोंदलेला रुग्ण २०१४ साली टेक्सासमध्ये सापडला, वय ३७. ब्रिटनमधल्या पहिल्या आठ रुग्णांची माहिती २०२४ साली प्रसिद्ध झाली, त्यांचं मध्यक वय ३४.

कॅलिफोर्नियाचा अभ्यास वाचताना मला आमच्या गाडीच्या जागेतली ती दोन मुलं सारखी दिसत होती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५२ रुग्ण आहेत. सगळे पुरुष, त्यांपैकी ५१ लॅटिन अमेरिकेतून आलेले स्थलांतरित, मध्यक वय ४५. अभ्यास लिहून होईपर्यंत दहा जण गेले होते. तिघांचं फुफ्फुस प्रत्यारोपण झालं होतं. निम्म्याहून जास्त जणांचं निदान उशिरा झालं, कारण आधी कुणाला न्यूमोनिया तर कुणाला क्षय म्हणून उपचार दिले गेले. आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. जवळजवळ निम्म्या रुग्णांनी आपल्या कारखान्यात पाणी मारून काम होत असे असं सांगितलं. म्हणजे नुसतं पाणी पुरत नाही.

ऑस्ट्रेलियाने शेवटी वेगळाच निर्णय घेतला. या मालापासून कामगारांना सुरक्षित ठेवणं व्यवहारात जमत नाही, असा निष्कर्ष काढून १ जुलै २०२४ पासून कृत्रिम दगडाच्या लाद्या बनवणं, पुरवणं आणि बसवणं यावर देशभर बंदी घातली. असा निर्णय घेणारा तो जगातला पहिला देश. तिथे राहणाऱ्या वाचकांना शोरूममध्ये झालेला बदल दिसलाच असेल. कॅलिफोर्नियाने डिसेंबर २०२३ मध्ये तातडीचे कडक नियम लागू केले.

पाटीवरची पेन्सिल

आता थोडं आपल्याकडे वळू. तुम्ही पाटीवर श्री गिरवला असेल, तर ती दगडी पेन्सिल आठवून पाहा. बोटांत कुरकुरणारी, काही मुलं गुपचूप खायचीसुद्धा. तिच्या उत्पादनाचं मोठं केंद्र मध्य प्रदेशातलं मंदसौर. खाणीतला दगड विजेच्या करवतीवर कोरडाच कापून तिथे पेन्सिली पाडल्या जात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या कामगारांची तपासणी केली तेव्हा निम्म्याहून जास्त जणांना सिलिकोसिस निघाला. मध्य प्रदेशाने १९८२ साली या कामगारांसाठी कल्याण निधीचा खास कायदा केला. आपल्या मुळाक्षरांची किंमत कुणीतरी अशी मोजत होतं, हे आपल्याला कधी कुणी सांगितलं नाही.

गुजरातमधलं खंबात अकीकाच्या मण्यांसाठी हजारो वर्षं प्रसिद्ध आहे. अकीक हा सिलिकेचाच प्रकार, आणि तो दख्खनच्या लाव्हा खडकातल्या पोकळ्यांमध्ये तयार होतो, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच कुळातला. तिथे मणी घासायचं काम घराघरांत चालतं. त्यामुळे धूळ कारागिरापुरती राहत नाही. शेजारी स्वयंपाक करणारी बाई आणि अंगणात खेळणारं पोर यांच्याही छातीत ती जाते.

झाबुआ आणि अलिराजपूर भागातले आदिवासी मजूर गुजरातमध्ये गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत कामाला जात. काही महिन्यांचं काम करून ते परतत आणि गावी मरत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशा २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यायला गुजरात सरकारला सांगितलं. राजस्थानने २०१९ साली सिलिकोसिससाठी स्वतंत्र धोरण आणलं. त्यात निदान झाल्यावर तीन लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख अशी तरतूद आहे. सिलिकोसिस हा भारतात कळवणं सक्तीचा असलेला रोग आहे. पण बहुतेक दगडकाम कारखाना या व्याख्येत बसणाऱ्या जागी होतच नाही. मुकादमाच्या हाताखाली, हजेरीपत्रकाशिवाय राबणाऱ्या माणसाने आपण तिथे काम करत होतो हे सिद्ध कसं करायचं? आणि खोकला म्हणजे क्षय असं समजून दिलेली औषधं घेत राहण्यातच बहुतेकांचा वेळ निघून जातो.

परदेशात राहून 'हे तिकडचं' असं म्हणायची सोय मात्र नाही. ब्रिटनमधल्या असंख्य घरांच्या मागच्या अंगणात जो करडा-पिवळा फरसबंदीचा दगड दिसतो, त्यातला बराचसा राजस्थानचा वालुकाश्म आहे. २०१९ साली अमेरिकेने चिनी क्वार्ट्झवर जबर आयात शुल्क लावल्यावर भारतातून येणाऱ्या क्वार्ट्झच्या लाद्यांचं प्रमाण झपाट्याने वाढलं. म्हणजे ओट्याची लादी ओततानाची धूळ एका खंडात आणि कापतानाची दुसऱ्या खंडात.

पाणी, माती आणि खोटा बर्फ

धुळीचं पाणी केलं की ती नाहीशी होत नाही, तिचा गाळ होतो. दगडाचा ठोकळा कापताना त्याचा मोठा भाग पात्याखाली भुगा होऊन जातो, काही ठिकाणी पाव हिश्शापर्यंत. राजस्थानात अजमेर जिल्ह्यातल्या किशनगढला संगमरवराचा हा गाळ वर्षानुवर्षं टँकरने आणून एका जागी ओतला. आज तिथे शेकडो एकरांवर पांढऱ्या टेकड्या आहेत, मध्ये निळसर पाण्याची तळी आहेत. लोक तिथे लग्नाआधीचे फोटो काढायला जातात, गाण्यांची चित्रीकरणं होतात. फोटोत तो बर्फाळ प्रदेश वाटतो, पण तो कारखान्यांचा उकिरडा आहे. संगमरवरात सिलिका कमी असल्यामुळे तिथे सिलिकोसिसची भीती कमी. पण ओला गाळ वाळला की पिठासारखा उडतो. जमिनीवर पसरला तर मातीची छिद्रं बुजवतो, पाऊस आत मुरू देत नाही, मातीचा अल्कधर्मी गुण वाढवतो. विहिरी आटतात आणि पीक खुरटतं.

महाराष्ट्रातला प्रश्न मुख्यतः खडी क्रशरचा आहे. वाघोली-मोशीसारख्या पुण्याभोवतीच्या पट्ट्यांतून गेला असाल तर करडी झाडं पाहिली असतील. बेसॉल्टमध्ये मोकळी सिलिका कमी असल्याने ही धूळ गारगोटीच्या धुळीइतकी जहरी नाही. पण सूक्ष्म धूळ कशाचीही असो, ती दमा आणि हृदयविकार वाढवते. पानांवर बसलेला थर सूर्यप्रकाश अडवतो, रंध्रं बुजवतो, शेंगा आणि फळं कमी धरतात. खाणींवर पिढ्यान् पिढ्या राबणाऱ्या वडार कुटुंबांची मुलं त्याच धुळीत वाढतात. आणि राज्यात सगळीकडे बेसॉल्टच आहे असंही नाही. कोकणात सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागात सिलिका वाळूच्या खाणी आहेत, तिथे प्रश्न थेट सिलिकेचाच आहे.

यावर उपाय आहेत. गाळातलं पाणी बसवून, गाळून पुन्हा वापरता येतं. वाळलेला संगमरवरी गाळ विटांत, सिमेंटमध्ये, रस्त्याच्या भरावात घालता येतो. क्रशरवर पाण्याचे फवारे, बंदिस्त पट्टे, कडेने झाडांची भिंत हे सगळं नियमांत लिहिलेलं असतं. फवाऱ्याचं बटण दिवसभर चालू राहतं की फक्त तपासणीच्या दिवशी, यावर सगळं अवलंबून असतं.

मग करायचं काय?

कामगाराला 'मास्क लाव' सांगणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत दुबळा उपाय. आधी माल बदलावा. ते जमत नसेल तर पात्यापाशीच पाणी सोडावं आणि धूळ जिथे उठते तिथेच ओढून घेणारी यंत्रणा बसवावी. जमीन ओल्या पद्धतीने पुसावी, झाडू किंवा हवेचा झोत नको. मास्क शेवटी, आणि कृत्रिम दगडासाठी साधा कागदी मास्क पुरत नाही. स्वच्छ हवा पुरवणारा, चेहरा झाकणारा लागतो. शिवाय नियमित तपासणी हवी, कारण सुरुवातीचा रोग साध्या एक्स-रेमध्ये निसटू शकतो, सीटी स्कॅनमध्ये लवकर दिसतो.

तुम्ही ओटा बदलणार असाल, तर रंग ठरवण्याआधी चार प्रश्न विचारा. या मालात स्फटिकी सिलिका किती टक्के आहे? तुमच्या कारखान्यात कापणं पूर्ण ओलं होतं का, आणि धूळ ओढणारी यंत्रणा आहे का? कारागिरांची फुफ्फुसं दरवर्षी तपासता का? माझ्या घरी येऊन काही कापावं लागलं तर ते कोरडं कापणार नाही, हे लिहून देता का? उत्तर टाळलं, तर तेही उत्तरच समजा. लॅमिनेट, लाकूड, स्टील, संगमरवर किंवा स्फटिकी सिलिका नसलेले नवे कृत्रिम दगड हे पर्याय आहेत. ग्रॅनाइटही तुलनेने बरा, पण तोही ओलाच कापला पाहिजे.

मोजमाप दोनदा घ्यायला लावा. आमच्याकडे तो अर्धा इंच चुकला नसता, तर घरी कापायची वेळच आली नसती. आणि तरीही कुणी तुमच्या दारात कोरडा ग्राइंडर सुरू केला, तर खिडकी लावून घेऊ नका. बाहेर जाऊन थांबवा. तुकडा कारखान्यात परत न्यायला सांगा. दोन दिवस उशीर होईल, होऊ दे. कामाचे पैसे तुम्ही देत असता, त्यामुळे तुमचा शब्द त्या मुलांच्या शब्दापेक्षा जास्त ऐकला जातो. माझाही ऐकला गेला असता.

भारतात घर बांधत असाल, गावी वाड्याची फरशी बदलत असाल, तर हेच प्रश्न तिथेही विचारा. ठेकेदार हसेल. पाण्याचा पाइप आणि एक चांगलं पातं यांचा खर्च तुमच्या एकूण खर्चात दिसणारही नाही. आणि ओळखीत कुणी दगडकाम करणारा, वाळू उडवून घासकाम करणारा, काच किंवा मातीच्या भांड्यांच्या कारखान्यातला माणूस खोकत असेल, तर डॉक्टरांना आपलं काम काय ते आवर्जून सांगायला त्याला सांगा. एवढ्या एका वाक्याने निदानाची दोन-तीन वर्षं वाचू शकतात.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपण दगडाचं कौतुक केलं. टाकी ज्याच्या हातात होती त्याचा श्वास कसा चालला आहे, हे विचारायचं राहून गेलं. ते आता विचारू या.